प्रिटोरियाच्या तुरुंगातली न दाखवलेली किल्ली

लाकडी किल्ली हातातून निसटते आणि कोठडीच्या दाराबाहेर फरशीवर पडते. तिच्यापर्यंत पोचायला कैद्याजवळ एक काठी आणि तोंडातलं च्युइंगगम, एवढंच असतं. 'एस्केप फ्रॉम प्रिटोरिया' पाहिलेल्या कुणाशीही बोला, गाडी याच प्रसंगावर येऊन थांबते. २०२० सालचा हा चित्रपट, दिग्दर्शक फ्रान्सिस ॲनन. श्वास रोखला गेला, मुठी आवळल्या गेल्या, संपल्यावरच कळलं की खांदे दुखतायत, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तेवढेच पुष्कळ भेटतात ते दुसरा सूर लावणारे: सगळं ठीक, पण ज्या वर्णभेदाविरुद्ध ही माणसं तुरुंगात गेली तो कुठे होता? शंभराहून अधिक मिनिटं किल्ल्या घासायच्या आणि दक्षिण आफ्रिका तेवढी विसरायची?

यावर पहिल्या गटाचं उत्तर ठरलेलं असतं. थरारपट बघायला आलोय, भाषण ऐकायला नाही.

वाद इथे अडकतो, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली आहे: थरार आणि राजकारण एकाच पातेल्यात मावत नाहीत, एक वाढवलं की दुसरं सांडणार. इतर कुठल्या तुरुंगाबद्दल ते खरं असेलही, प्रिटोरियाबद्दल नाही. कुलपं उघडणं हे त्या पलायनाचं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं रस्त्यावर होतं आणि तिथे लाकडाची किल्ली लागत नव्हती, गोरी कातडी पुरत होती. चित्रपटाने ही किल्ली दाखवली असती तर तो अधिक राजकीय झाला असता, आणि माझ्या मते अधिक थरारकही.

आधी मूळ घटना. टिम जेनकिन आणि स्टीफन ली हे केप टाउन विद्यापीठात भेटलेले दोन गोरे तरुण. लंडनला जाऊन ते वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये दाखल झाले आणि परत येऊन पत्रकं उडवणारे बॉम्ब गजबजलेल्या रस्त्यांवर ठेवू लागले. हे माणसं मारणारे बॉम्ब नव्हते. बादलीतला छोटा स्फोट बंदी असलेल्या संघटनेची पत्रकं हवेत उधळायचा. मार्च १९७८ मध्ये दोघे पकडले गेले. जेनकिनला १२ वर्षं, लीला ८. प्रिटोरियात त्यांना ॲलेक्स मुंबारिस भेटला, १९७३ पासून १२ वर्षांची शिक्षा भोगत असलेला. जेनकिन आणि ली यांना शिक्षा झाल्यापासून जेमतेम दीड वर्षात, ११ डिसेंबर १९७९ ला, तिघेही बाहेर होते.

दीड वर्ष कशात गेलं हे कळायला तरफेचं, म्हणजे लिव्हरचं कुलूप आतून कसं असतं ते माहीत हवं. आपल्याकडच्या कुलपांवर '७ लिव्हर' असं कोरलेलं असतं, पण त्याचा अर्थ विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आत पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीला स्प्रिंग खाली दाबून धरते. प्रत्येक पट्टीला एक खाच. कुलपाच्या बोल्टवर एक खुंटी. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली पट्टी उचलतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच खुंटी त्यातून सरकते आणि बोल्ट मागे जातो. एक पट्टी केसभर कमी उचलली गेली तरी अडतं, केसभर जास्त उचलली गेली तरी अडतं. अंदाजाने चार दाते बरोबर आले आणि पाचवा चुकला तर पाचही चुकल्यासारखंच.

आता हीच किल्ली लाकडात करायची. लाकूड हे रेषांचं बनलेलं असतं. रेषांच्या लांबीने ते ताण सोसतं, आडवं पटकन मोडतं. किल्लीची दांडी एका दिशेने आणि दाते तिला काटकोनात. रेषा दांडीच्या लांबीने ठेवल्या तर दाते कच्चे राहतात, पहिल्याच घट्ट पट्टीवर त्यांचा कोपरा उडतो. रेषा दात्यांच्या दिशेने घेतल्या तर दांडी पिळताना मधोमध तुटते. म्हणून अशी किल्ली दिसायला साधी आणि करायला कटकटीची. लाकूड दाट हवं, दाते लागतील त्याहून जरा मोठे ठेवून कानशीने उतरवत आणायचे. कमी घासलं तर पुन्हा घासता येतं, जास्त घासलं की ती किल्ली वाया. आणि सगळ्यात मोठी भीती न उघडण्याची नसतेच. भीती असते तुकडा आत राहण्याची. वॉर्डरची किल्ली सकाळी आत जाईना, की त्याने पेचकस आणून कुलूप खोललं, की लाकडाचा कपचा त्याच्या तळहातावर.

जेनकिनने सुरुवात आपल्याच कोठडीपासून केली. तिथे दारं दोन. आतलं गजांचं, बाहेरचं भरीव पोलादी. गजांतून हात बाहेर काढून आतल्या दाराचं कुलूप गाठता येत होतं. बाहेरच्या दाराला मात्र किल्लीचं भोक फक्त बाहेरच्या बाजूला. कोठडीची खिडकी त्याच बोळाकडे उघडत होती, म्हणून त्याने झाडूच्या दांड्याला फिरवायची कळ जोडली आणि खिडकीतून ती दारापर्यंत नेऊन बाहेरून किल्ली फिरवली. बोळातल्या पावलांकडे कान लावून, समोर न दिसणाऱ्या भोकात, दांड्याच्या टोकाला अडकवलेली लाकडाची किल्ली.

शेवट आधीच माहीत असेल तर मजा काय, अशी तक्रार करणाऱ्या प्रेक्षकांनी हा झाडूचा दांडा आठवावा. रोबेर ब्रेसाँ यांच्या १९५६ च्या फ्रेंच चित्रपटाचं नावच सांगून टाकतं की कैदी पळाला. तरी त्यात चमच्याने दाराची फळी पोखरली जात असताना कुणाला जांभई येत नाही. पळाला का, हा प्रश्न अशा चित्रपटात फार वेळ टिकत नाही. आता, या क्षणी, या कुलपात काय होतंय, हा टिकतो. ॲनन यांना हे पक्कं ठाऊक आहे. कॅमेरा किल्लीच्या इतका जवळ जातो की लाकूड घासल्याचा आवाज कानाऐवजी दातांत जाणवतो. च्युइंगगमच्या प्रसंगाला 'अतिरंजित' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की खऱ्या पलायनातल्या दांड्यापेक्षा तो काही फार अजब नाही.

बाकीच्या तक्रारी झटपट उरकता येतात. जेनकिन झालेल्या डॅनियल रॅडक्लिफचा दक्षिण आफ्रिकी उच्चार कधी लागतो, कधी घसरतो; खरंय, पण त्याने कुलूप अडत नाही. त्याच्यासोबत डेनिस गोल्डबर्ग या जुन्या राजकीय कैद्याच्या भूमिकेत इयन हार्ट आहे, आणि पहिल्या हॅरी पॉटरपटात हाच हार्ट पगडीवाला क्विरेल मास्तर होता, त्यामुळे काहींना तुरुंगातही पगडी दिसत राहते. इलाज नाही. चित्रण प्रिटोरियाऐवजी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये झालं, तेही चालतं. मुंबारिसच्या जागी फोंतेन नावाचं काल्पनिक पात्र आणलं, ही बाब मात्र जराशी टोचते. तिघांतल्या दोघांची खरी नावं ठेवून तिसऱ्याचं बदललं की 'सत्यघटनेवर आधारित' या पाटीवर प्रेक्षकाने किती विसंबायचं, हा प्रश्न उरतो.

आता मूळ मुद्दा. चित्रपटात काळी माणसं जवळजवळ नाहीत, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिच्यावरचा बचावही ऐकू येतो: त्या तुरुंगात काळे राजकीय कैदी नव्हतेच, मग कुठून आणायचे? बचाव तथ्याला धरून आहे. पण तो ज्याचं समर्थन करायला निघतो त्यालाच उघडं पाडतो. ते तिथे का नव्हते?

१२ जून १९६४ ला रिव्होनिया खटल्यात, म्हणजे नेल्सन मंडेला आणि साथीदारांवरच्या खटल्यात, आठ जणांना जन्मठेप झाली. सात जण रॉबेन बेटावर गेले. आठवा, डेनिस गोल्डबर्ग, प्रिटोरियातच राहिला. गुन्हा एक, न्यायाधीश एक, शिक्षा एक. तुरुंग वेगळा, कारण आठवा गोरा होता. बेटावर गेलेल्या सातांतही पुन्हा वर्ग होते. गुजराती आईबापांचे अहमद कथ्राडा 'हिंदी', म्हणजे भारतीय वंशाचे, म्हणून लांब पँटला आणि पावाला पात्र. मंडेला आणि इतर आफ्रिकी कैद्यांना आखूड चड्डी, आणि पाव नाही. एकाच खटल्यातले साथीदार एकाच रांगेत उभे राहून वेगवेगळं जेवत होते. वर्णभेद हा शब्द उच्चारण्यापेक्षा ही पँट आणि हा पाव जास्त सांगून जातो.

या चौकटीत प्रिटोरियाचा तो विभाग ठेवून पाहा. मूठभर गोरे कैदी. ज्याची त्याची कोठडी. आणि सुतारकामाची कार्यशाळा, जिथे लाकूड, कानस, पटाशी हाताशी. त्याच राजवटीने रॉबेन बेटावरच्या कैद्यांच्या हातात साठच्या दशकात कुदळ-फावडी देऊन त्यांना चुनखडीच्या खाणीत उतरवलं होतं. भोवती समुद्र, सगळ्यात जवळचा किनारा सुमारे ७ किलोमीटरवर. सुतारकाम शिकवून कैद्याला 'सुधारायचं' ही कल्पना कुणासाठी राखीव होती ते यातून कळतं. प्रिटोरियातले कैदी सुखात होते, असा याचा अर्थ नाही. गोल्डबर्ग २२ वर्षं आत होते, आणि इतकी वर्षं मोजक्याच माणसांत काढणं हीही शिक्षाच. पण ज्या लाकडाची किल्ली झाली ते लाकूड त्या भिंतीत वर्णभेदामुळेच आलं होतं. राजवटीने स्वतःच्या रंगाच्या शत्रूला जरा सैल बांधलं आणि तो त्याच सैल गाठीतून सुटला. किल्ली घासण्याच्या प्रत्येक दृश्यात हे राजकारण आधीपासून आहे. चित्रपट त्याच्याकडे बोट दाखवत नाही, इतकंच.

बोट दाखवायची खरी जागा शेवटच्या दारानंतर येते. ते शेवटचं दार त्यांच्याकडच्या एकाही किल्लीला दाद देईना. अखेर कुलपाजवळचं लाकूड पटाशीने फोडून ते उघडावं लागलं. दीड वर्ष एकही ओरखडा उठू न देता चाललेलं काम शेवटच्या काही मिनिटांत धसमुसळेपणावर आलं. चित्रपटाने हा भाग अचूक पकडलाय. मग तिघे साध्या कपड्यांत रस्त्यावर येतात, चालू लागतात, टॅक्सी मिळते, आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो.

तो श्वास टाकू द्यायला नको होता, असं माझं म्हणणं आहे. निदान इतक्या लवकर नाही.

डिसेंबर १९७९ च्या प्रिटोरियात, राजधानीत, संध्याकाळी तीन अनोळखी पुरुष फूटपाथवरून चाललेत. कुणी त्यांच्याकडे पाहत नाही, कारण ते गोरे आहेत. याच रस्त्यावर १६ वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसाच्या खिशात पासबुक, म्हणजे ओळखीचं आणि परवान्यांचं सरकारी पुस्तक, असणं १९५२ च्या कायद्याने सक्तीचं होतं. पोलिसाने हात पुढे केला की ते दाखवायचं; मालकाची सही नसेल, शहरात राहायची परवानगी संपली असेल, तर तिथूनच गाडीत. याच पासांच्या विरोधात २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये जमलेल्यांवर गोळीबार होऊन ६९ जण मारले गेले, आणि तरी पास १९८६ पर्यंत चालूच राहिले. कल्पना करा, याच लाकडी किल्ल्या घेऊन एखादा काळा कैदी त्याच दारातून बाहेर पडला असता. सगळी कुलपं उघडूनही तो पहिल्या चौकात पोलिसासमोर रिकाम्या खिशाने उभा. त्याच्या दृष्टीने बाहेरचं शहर हेच पुढचं दार, आणि त्याच्या कुलपाला लाकूड चालत नव्हतं.

हे दाखवायला भाषण लागत नाही. दीड मिनिट लागतं. तिघांच्या समोरून पोलीस येतोय. प्रेक्षकाचा जीव गळ्याशी. पोलीस त्यांच्याजवळून निघून जातो आणि मागून येणाऱ्या काळ्या माणसाला थांबवतो. तिघांना मागे वळून पाहायचं असतं, पाहता येत नाही. च्युइंगगमच्या प्रसंगाइतकाच ताण यात आहे, शिवाय या ताणात प्रेक्षकाची सुटका आणि प्रेक्षकाची लाज एकाच वेळी येते. असं घडलं होतं असा माझा दावा नाही. च्युइंगगम चालतं त्या चित्रपटाला हेही चालायला हवं.

मराठी प्रेक्षकाला हा मुद्दा पटायला खरं तर वेळ लागू नये. आग्र्याहून सुटका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पेटारे येतात; पण १६६६ सालच्या त्या सुटकेतला अवघड भाग पेटाऱ्यांनंतर सुरू झाला. शेकडो कोस मुघली मुलूख, आणि त्यातून ओळख न देता जायचं. सांगलीचा तुरुंग २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी फोडला, तट ओलांडला, आणि मग पाठलागात दोघे मारले गेले, दादा स्वतः गोळी लागून जखमी झाले. म्हणजे भिंत संपली तरी पलायन संपत नाही. बाहेर तुमच्याकडे कोण कसं पाहतं, यावर पुढचं सगळं. पासाची गोष्टही आपल्याला परकी नाही. १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात हिंदी लोकांनी सरकारी नोंदणीचे दाखले जाळले ते याच मुलखात, आणि पुढच्याच वर्षी गांधी प्रिटोरियाच्या तुरुंगात होते.

दिग्दर्शकाच्या बाजूने दोन गोष्टी बोलायला हव्यात. चित्रपट जेनकिनच्या आठवणींच्या पुस्तकावर बेतलेला आहे आणि जेनकिन स्वतः पडद्यावर क्षणभर दिसतोही. ज्याची गोष्ट आहे त्याच्या खांद्यावरून ती दिसणार, हे न्याय्य आहे. दुसरं, तुरुंगपटाचा एक जुना आणि चांगला नियम: कॅमेरा आत राहिला पाहिजे. बाहेरचं जग दिसू लागलं की कोंडमारा पातळ होतो.

पण हा नियम इथे पहिल्या काही मिनिटांतच मोडलाय. चित्रपट सुरू होतो केप टाउनच्या रस्त्यांवर. दोन गोरे तरुण पिशव्या घेऊन गर्दीत शिरतात, ठेवतात, निघून जातात. त्यांच्या पिशव्या कुणी तपासत नाही. बंदी आलेल्या चळवळीला अशी गोरी माणसं का हवी होती, याचं उत्तर या फ्रेममध्येच आहे आणि ते तसंच सोडून दिलंय. सुरुवातीच्या रस्त्यावर हे एकदा ठसवलं असतं, तर शेवटच्या रस्त्यावर सांगायची गरजही पडली नसती. मधल्या सगळ्या किल्ल्या त्या एका जाणिवेखाली घासल्या गेल्या असत्या. जागा होती, वेळ होता, दृश्यंही चित्रित झालेली होती.

'अधिक काळी पात्रं हवी होती' हा आग्रह म्हणून मला नेमका वाटत नाही. मोलकरीण किंवा टॅक्सीवाला यांच्या तोंडी दोन मार्मिक वाक्यं घालून कुणाचंच भलं झालं नसतं. हवी होती ती त्यांची अनुपस्थिती, पण दिसणारी. इतका मोठा देश, त्यातले बहुसंख्य लोक, आणि या विभागातल्या एकाही कोठडीत त्यांच्यातला कुणी नाही. ही रिकामी जागा बोळातल्या पावलांसारखी ऐकू यायला हवी होती.

राहता राहिले गोल्डबर्ग. चित्रपटात त्यांना पळणं पटत नाही. आपण विवेकाचे कैदी आहोत, इथे राहणं हाच लढा, अशी त्यांची भूमिका आहे. काही तरुण प्रेक्षक त्यांना सरळ 'थकलेला म्हातारा' म्हणून मोकळे होतात. नाट्यासाठी कुणीतरी 'नको' म्हणणारा लागतो, हे मान्य. पण खऱ्या बेतात त्यांचा हात होता, आणि ११ डिसेंबरला वॉर्डरचं लक्ष गुंतवून ठेवायचं काम त्यांनीच केलं. मागे राहणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे तुरुंगात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. चौकशी होणार, झडत्या होणार, होती नव्हती ती ढील काढून घेतली जाणार. तिघांच्या हातात किल्ल्या होत्या आणि समोर दार होतं. चौथ्यासमोर फक्त एक वॉर्डर होता, ज्याला काही मिनिटं तिथेच थोपवायचं होतं.

जेनकिन लंडनला पोचला आणि तिथेही किल्ल्याच करत राहिला, फक्त आता आकड्यांच्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याने फ्लॉपीवरच्या यादृच्छिक आकड्यांनी मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत बसवली. प्रत्येक संदेशाला नवी किल्ली, वापरली की पुसायची. टेलिफोनवरून, मोडेम आणि टेपरेकॉर्डर लावून, देशातल्या भूमिगत कार्यकर्त्यांचे निरोप तिच्यावर येत-जात राहिले. चित्रपट तिथवर जात नाही, जायची गरजही नव्हती. गोल्डबर्ग त्या संध्याकाळनंतर आणखी सव्वापाच वर्षं प्रिटोरियातच होते. फेब्रुवारी १९८५ मध्ये ते सुटले, आणि २९ एप्रिल २०२० ला, चित्रपट आल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, वारले.